नाशिकची लोगन : कामाच्या वहीतून

वहीचं पहिलं पान : १४ जुलै २०२४. जुनी गाडी घेतली त्या दिवशीचं रनिंग १,८७,४१२ किलोमीटर. किंमत ६८,००० रुपये. त्याखाली बाबांच्या अक्षरात एक ओळ : ‘पासिंग ऑक्टोबरात संपतंय, आधी ते बघ.’

गाडी महिंद्रा रेनॉ लोगन, १.५ डिझेल, २००९ची, रंग चंदेरी. आज रनिंग २,०३,१८० आहे. मधल्या काळातली कामं एकदा सलग लिहून काढतोय, कारण लोगन आणि व्हेरिटो वापरणारे अजून बरेच आहेत. ‘चारही इंजेक्टर गेले’ (इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) एवढं ऐकून चांगली गाडी भंगारात घालणारेही मी पाहिलेत. माझी गाडी अशीच जाणार होती.

लोगनच का, हे सगळे विचारतात. ही गाडी आमच्या नाशिकची आहे. मूळ गाडी २००४ साली रुमानियात डाचिया या नावाने आली. २००७मध्ये महिंद्रा आणि रेनॉच्या भागीदारीत ती इथे तयार व्हायला लागली. २०१०मध्ये भागीदारी सुटली आणि २०११पासून तीच गाडी व्हेरिटो झाली. आमच्या गल्लीतले एक काका तेव्हा सातपूरच्या कारखान्यात वेल्डिंगला होते. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी ते चपला घालून खाली आले, मागचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरून, रबराच्या आतल्या बाजूने, बोट फिरवत गेले. एका जागी थांबले. ‘हा टाका कारखान्यातला नाही. मागून ठोकलीय कधीतरी. पण पत्रा सरळ आहे, घे तू.’ डेंटरने नंतर तेच सांगितलं.

ही गाडी कमी पैशात बनावी म्हणूनच आखली होती. पुढची काच जवळपास सपाट आहे, डॅशबोर्ड एका साच्यातून निघतो आणि बाहेरचे आरसे डावे-उजवे सारखेच आहेत. माझा डावा आरसा फुटका होता. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानात फक्त उजवा मिळाला, तोच डावीकडे बसवला. बनवणाऱ्याने जिथे पैसे वाचवले, तिथेच पंधरा वर्षांनी माझेही वाचतात. याला अपवाद एकच, आणि तो या गाडीतला सगळ्यात महाग भाग : डिझेलची यंत्रणा.

रनिंग १,८७,४१२ ते १,८७,६०० : सकाळचा सेल्फ

आधीच्या मालकाने गाडी विकली ती याच दुखण्यापायी. सकाळी आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागायचा. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. त्यांनी मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली, तिथे चार इंजेक्टर आणि पंप मिळून ५८,००० रुपयांचा कागद हातात दिला. गाडीची किंमत एवढी पडली ती त्या कागदामुळे.

पहिल्या आठवड्यात मी कशालाही पाना लावला नाही, फक्त लिहीत गेलो. रात्री गाडी कुठे उभी होती, सकाळी किती सेकंद लागले. पाचव्या दिवशी वहीत बघताना लक्षात आलं : आमच्या गल्लीच्या उतारावर तोंड खाली करून लावली की दोन सेकंदांत चालू होते. तोंड वर करून लावली की बारा सेकंद.

इंजेक्टर झिजलेले असते तर गाडी कुठे तोंड करून उभी आहे याने फरक पडला नसता. टाकी मागे आहे. तोंड वर असलं की नळीतलं डिझेल रात्रभरात मागे टाकीकडे उतरतं, आणि ते उतरायला वरून कुठूनतरी हवा आत यावी लागते. या इंजिनात टाकीत वेगळा पंप नाही. पुढचा हाय प्रेशर पंपच आपल्या पोटातल्या छोट्या पंपाने डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या नळीला भेग असली तर बाहेर थेंबसुद्धा गळत नाही, हवा मात्र आत जाते. खाली फरशी कोरडी म्हणजे लिकेज नाही, असं समजून सगळे फसतात ते इथेच.

ज्यांच्याकडे मी शिकतो ते चाचा म्हणाले, ‘आधी जुना फिल्टर फाड. चुरा निघाला तर गाडी परत देऊन ये.’ डेल्फीचा हा पंप आतून झिजायला लागला की धातूचा बारीक चुरा सोडतो, आणि तो चुरा रेल (इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारी नळी), इंजेक्टर सगळीकडे पोचतो. तसं झालं असतं तर ५८,००० खरेच लागले असते. फिल्टर करवतीने कापला, आतला कागद पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर पिळला आणि कापड उन्हात धरून तिरकं-तिरकं फिरवलं. चांदीसारखा चमकणारा एकही कण नाही. काळपट गाळ आणि तळाशी चमचाभर पाणी, एवढंच. ते कापड मी जपून ठेवलंय.

मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली. सेल्फ मारला आणि नळीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक जाताना दिसले. तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावली, तिथेही बुडबुडे. म्हणजे फिल्टरही निर्दोष. आणखी मागे गेलो तर हवा काढायचा काळा रबरी फुगा. दाबून पाहिला तर कडक होता, चिंचोक्यासारखा. क्लिप सोडवल्यावर मानेपाशी, बरोबर क्लिपखाली लपलेली, केसाएवढी भेग. नखाने ताणली तेव्हा कुठे दिसली.

फुगा, दोन क्लिपा आणि नळीचा एक तुकडा मिळून ५४० रुपये. शिवाय नवा फिल्टर. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोंड वर करून लावली. सकाळी दीड सेकंद.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. पारदर्शक नळी तपासणीपुरतीच लावा, ती उष्णतेने मऊ पडते, लावून गाडी फिरवू नका. आणि डिझेलची कुठलीही नळी सोडण्याआधी आजूबाजूची जागा ब्रश आणि फडक्याने पुसून घ्या, उघडी तोंडं लगेच झाका. धुळीच्या दिवसांत मी हे काम करतच नाही.

रनिंग १,८७,९०० : इंजेक्टर

मन शांत व्हावं म्हणून रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून न वापरता परत येणारं डिझेल, तपासलं. चार इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या. तीन बाटल्यांत सारखं, चौथीत थोडं जास्त, म्हणजे तो थोडा झिजलाय. चौथ्यावर नजर ठेवायची, बदलायची घाई नाही.

आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) एक टक-टक मात्र उरली होती. प्रत्येक इंजेक्टरवर सोळा अक्षर-अंकांचा कोड असतो. कारखान्यात मोजलेला त्याचा बारीक फरक त्या कोडमध्ये असतो, आणि तो इसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळवावा लागतो. स्कॅनर असलेल्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. इसीएममधले कोड एकेक वाचले आणि मी टॉर्च धरून इंजेक्टरवरचे वाचले. दुसऱ्याचा कोड तिसऱ्याच्या नावावर होता आणि तिसऱ्याचा दुसऱ्याच्या. कधीतरी खोलले, पुसले आणि अदलाबदल होऊन परत बसले असणार. कोड जागच्या जागी लिहिले आणि तिथल्या तिथे आवाज निम्मा झाला. ज्यांनी इंजेक्टर खोलून घेतलेत त्यांनी एवढं एकदा नक्की तपासा. आणि खोललेच तर खालचे तांब्याचे वायसर नवेच घाला.

रनिंग १,८८,३०० : टायमिंग बेल्ट

जुना बेल्ट कधी बदलला, याची नोंद नव्हती. नोंद नसेल तर बेल्ट संपला असंच धरून चालतो मी. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलले, सगळे मिळून ७,४०० रुपये, मजुरी वेगळी. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे तो मागे ठेवण्यात अर्थ नव्हता. बेल्टने जोडलेल्या क्रँक आणि कॅम या दोन शाफ्टना पिना घालून जागेवर अडकवल्याशिवाय बेल्टला हात लावू देऊ नका. ‘खडूच्या खुणेवर बसवतो’ म्हणणाऱ्या एका ठिकाणाहून मी गाडी परत आणली.

जुना वॉटर पंप हातात घेतला तर त्याची पाती तांबूस गाळाने माखलेली. कोणीतरी वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घालत होतं. तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन घेतलं, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग कडेला चिरलं होतं, तेही नवं.

रनिंग १,८९,००० : खाली झोपून केलेली कामं

चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट या गाडीला ८ मिलिमीटरच्या चौकोनी चावीने खोलतो. ती नसली की लोक पाइपपान्याने खोलू बघतात आणि नट गोल करून ठेवतात. माझा तसाच होता. नवा नट आणि वायसर आणला. चावी आता डिकीत असते.

चेंबर उतरवून बिग-एंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथले) पाहायचा निर्णय मी बराच विचार करून घेतला. हे इंजिन के-नाईन-के, १,४६१ सीसी, ६५ अश्वशक्तीचं. ते दणकट आहे, पण उशिरा ऑइल बदलणाऱ्याला बिग-एंड बेअरिंगच दगा देतात, आणि मागच्या मालकांच्या सवयी मला माहीत नव्हत्या. बेअरिंग काढले तर वरच्या थरावर रेघा होत्या, तांबं अजून उघडं पडलं नव्हतं. सेट नवा, रॉडचे बोल्टही नवे, टॉर्क रेंचनेच. आता दर ७,५०० किलोमीटरला ऑइल बदलतो, साडेचार लिटर लागतं.

तिथेच झोपलेलो असताना डावीकडे गिअरबॉक्सजवळ ओल दिसली. या गिअरबॉक्सला डाव्या बाजूला वेगळं ऑइल सील नाही, एक्सलचा आतला बूटच (रबरी आवरण) ऑइल अडवतो. तो फाटला की ग्रीस नव्हे, गिअरबॉक्सचं ऑइलच जातं. लोक ‘बूट फाटलाय, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात आणि तेवढ्यात गिअरबॉक्स कोरडा पडतो. माझ्या गाडीत जवळपास एक लिटर ऑइल कमी भरलं. बूट त्याच दिवशी बदलला.

बाकी छोटं : चालता चालता दोनदा इंजिन बंद पडलं होतं. फ्लायव्हीलजवळच्या टीडीसी सेन्सरचा (हा क्रँकची जागा इसीएमला सांगतो) प्लग काढला, पिनांवर काळपट थर होता. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला, पिना किंचित आवळल्या. त्यानंतर एकदाही नाही.

ऑक्टोबर २०२४ : पासिंग

पीयूसीला धूर ५१ आला होता, मर्यादा ६५. फुगा, फिल्टर, कोड आणि ईजीआरची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) साफसफाई झाल्यावर ३४. आरटीओत नूतनीकरणाची फी ५,००० आणि पर्यावरण कर वेगळा. तपासणीला गाडी धुऊन, सगळे दिवे चालू आहेत ना हे आदल्या रात्री बाबांनी मागे उभं राहून पाहून, मग नेली. आणखी पाच वर्षं मिळाली. दिल्लीकडे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर नियमाने गदा आली, तिथल्या किती धडधाकट लोगन अशा गेल्या असतील याचं मला खरंच वाईट वाटतं.

रंगकाम मी शेवटी ठेवलं आणि तेही अर्धंच केलं. मागच्या लाइटच्या गॅस्केटमधून डिकीत पाणी येत होतं. गॅस्केट बदललं, स्टेपनीखालचा गंज घासला, प्रायमर मारला. बाहेरचे ओरखडे तसेच आहेत.

रनिंग २,०१,५५० : कसारा घाट

मे महिन्यात आई-बाबा, मावशी, मी आणि कल्याणच्या लग्नाचं सगळं सामान. डिकी ५१० लिटरची, पितळी भांड्यांची दोन पोती आणि आंब्याच्या चार पेट्या सहज मावल्या. परतताना दुपारी दोन वाजता एसी लावून घाट चढलो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. २,००० आरपीएमच्या आसपास गाडी जी ओढते ती या इंजिनाची खरी जागा. तिथे धरली की गिअर बदलायचं मनात येत नाही. इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडून मी हात लावून सगळे होस पाहिले. मावशी म्हणाली, ‘अरे, काय झालं?’ काहीच झालं नव्हतं. टाकी ते टाकी मोजलेलं अ‍ॅव्हरेज १९.४.

आता पुढे

चौथ्या इंजेक्टरचं रिटर्न दर ५,००० किलोमीटरला मोजतोय. आतापर्यंत वाढलेलं नाही. मागच्या डाव्या चाकातून साठच्या पुढे घर्रर्र आवाज येतोय. उजव्या वळणावर वाढतो, म्हणजे बेअरिंग. ते ड्रममध्येच बसतं आणि मधला नट एकदाच वापरायचा असतो, म्हणून दोन नवे नट आणून ठेवलेत. काकांकडून प्रेस मिळतोय का बघतो. रविवारी ड्रम उतरवतोय, मापं आणि बेअरिंगचा नंबर वहीत आला की इथे लिहितो.