चुलीचा धूर अजून तसाच

२०१५ मध्ये १९३ देशांनी मिळून १७ शाश्वत विकास ध्येयं ठरवली, म्हणजे गरिबी, भूक, आरोग्य, वीज-इंधन अशा गोष्टींची, मुदत २०३० ची, आणि २०२४ च्या युनोच्या रिपोर्टमध्ये काय तर त्या ध्येयांखालच्या छोट्या टार्गेट्सपैकी जेमतेम १७ टक्के रुळावर, एक तृतीयांशाहून जास्त एकतर अडकलीयेत नाहीतर उलटी मागे गेलीयेत. वाचून पोटात गोळाच आला. पण सगळंच वाईट नाहीये हां, पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे मृत्यू २००० साली वर्षाला जवळपास १ कोटी होते, ते २०२२ मध्ये पहिल्यांदाच ५० लाखांच्या खाली आले, आणि त्यात लस, ओआरएस, मच्छरदाण्या अशा साध्या साध्या गोष्टींचा मोठा वाटा आहे.

मला खरं टोचतं ते चुलीचं. अजून २०० कोटींहून जास्त लोकांकडे स्वयंपाकाला स्वच्छ इंधन नाही, म्हणजे कुणीतरी बाई रोज ओली लाकडं फुंकत बसते, डोळे चुरचुरतात, पाठीवरचं बाळ तोच धूर ओढतं. वीज मात्र ९० टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत पोचलीये! म्हणजे मनावर घेतलं तर होतं ना. ध्येयं मागे पडायला कोविड, युद्धं ही कारणं खरी आहेतच, पण गरीब देशांचे पैसे व्याज फेडण्यातच संपत असतील तर शाळा-दवाखान्यांना उरणार काय? आधी ते कर्ज हलकं करा.