तुम्ही विचारलंत म्हणून: डॉबला अंशवर्तुळं लावली, तरी आयपीसमध्ये काहीच का येत नाही?

डॉब म्हणजे डॉब्सोनियन, साध्या बैठकीवर डावीउजवीकडे आणि वरखाली फिरणारी आरशाची दुर्बीण; अंशवर्तुळ म्हणजे ती कुठल्या दिशेला वळली आहे ते वाचायचं अंश छापलेलं वर्तुळ; आणि आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: "डॉब्सोनियनला घरीच अंशवर्तुळ बसवलं, उन्नतांशासाठी (क्षितिजापासूनच्या उंचीसाठी) डिजिटल अँगल गेज, म्हणजे कोन दाखवणारं मापक, लावला, मोबाइलवरचे आकडे जुळवले, डोळा लावला, तर नुसतं काळं आकाश. वर्तुळ चुकलंय, की हा प्रकारच बिनकामाचा?"

प्रकार कामाचा आहे, आणि वर्तुळही बहुधा बरोबर असतं. चुकतं त्याच्या आजूबाजूचं. तळ पातळीत नसतो, वर्तुळाचा मध्य फिरण्याच्या (पिव्हट) बोल्टच्या मध्यावर नसतो, किंवा आकडे जुळवायला घेतलेला ताराच चुकीचा असतो.

आधी एक हिशेब करून टाकू, म्हणजे किती काटेकोर राहायचं ते ठरेल. २०० मिमी आरसा आणि १२०० मिमी नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीत २५ मिमीचा साधा प्लॉसल आयपीस ४८ पट वर्धन देतो. त्याचं दृश्य क्षेत्र ५० अंशांचं, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाचा तुकडा साधारण १ अंशाचा. वस्तू त्यात यायची तर तुमची एकूण चूक अर्ध्या अंशाच्या आत हवी. ३२ मिमीचा आयपीस असेल तर हीच सवलत पाऊण अंशाच्या जवळ जाते, म्हणून शोधताना तोच लावा. अर्धा अंश गाठणं घरच्या सुतारकामात सहज जमतं, पण तो एकाच ठिकाणी उधळला तर पुढच्या चुकांना जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. विषुववृत्तीय माउंटवरची (एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेल्या बैठकीवरची) वर्तुळं विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, दाखवतात. ताऱ्याचे हे आकडे रात्रभर तेच राहतात. डॉबचे अक्ष एक उभा, एक आडवा, त्यामुळे तिथे दिगंश (क्षितिजावर मोजलेली दिशा) आणि उन्नतांश, आणि हे दोन्ही सतत बदलतात. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे उन्नतांश जास्तीत जास्त ४ मिनिटांत १ अंश सरकतो, डोक्याजवळ दिगंश त्याहून कितीतरी भराभर. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी लोकप्रिय केलेली ही बैठक रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवण्याची होती. तिच्यावर वर्तुळांचं काही काम नव्हतं. दर क्षणाचे आकडे देणारा मोबाइल खिशात आला आणि वर्तुळं उपयोगी झाली. तेव्हा स्टेलॅरियमसारख्या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये ठिकाण आणि वेळ नीट आहे ना ते पाहा (घड्याळ ४ मिनिटं चुकलं की आकाश १ अंश चुकलं), दिगंश उत्तरेपासून मोजला जातोय याची खात्री करा, आणि वाचलेला आकडा दोन मिनिटांपेक्षा शिळा झाला असेल तर नवा घ्या. मोबाइलमधल्या होकायंत्रावर मात्र भिस्त ठेवू नका. शेजारचं लोखंड त्याला बिघडवतं, आणि चुंबकीय उत्तर ही खरी उत्तर नव्हेच.

आता दिगंशाचं वर्तुळ. व्यास जितका मोठा तितकं वाचन सोपं, हे उघड आहे. ४५८ मिमी व्यास घेतला तर परीघ १४४० मिमी होतो आणि एका अंशाला बरोबर ४ मिमी मिळतात. ५७३ मिमीला ५ मिमी. ४ मिमीत अर्ध्या अंशाची बारीक रेघ मावते आणि पाव अंशाचा अंदाज डोळ्याने येतो, त्यामुळे यापेक्षा लहान व्यासावर समाधान मानू नका. तळफळी (बैठकीची जमिनीवरची स्थिर फळी) लहान असेल तर तिच्यावर ६ मिमी प्लायचं मोठं कडं स्क्रूने बसवा. रेघा ०.३ ते ०.४ मिमी जाडीच्या ठेवा: १ अंशाला ८ मिमी लांब, ५ अंशांना १२, १० अंशांना १८ आणि पुढे आकडा. छपाई विनाइल स्टिकरवर, एकाच तुकड्यात. कागद दवाने फुगतो. वरून पारदर्शक फिल्म लावली तरी कडेने ओल शिरतेच. छापायला देताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद, शंभर टक्के आकार, आणि हातात आल्यावर दोन दिशांनी व्यास मोजायचा. एका दिशेला ४५८ आणि दुसरीला ४५५ भरला तर तो स्टिकर परत द्या, अंडाकृती वर्तुळाला नंतर काही उपाय नाही.

काही जण वर्तुळ वरून न चिकटवता फळीच्या उभ्या काठाला पट्टी गुंडाळतात. चालतं, फक्त पट्टी आखण्याआधी त्याच काठावर कागद गुंडाळून परीघ मोजा आणि त्याला ३६० ने भागा. व्यासावरून गणित करू नका. आणि फोमचा दुतोंडी टेप वापरू नका. १ मिमी जाडीचा टेप परीघ ६ मिमीहून थोडा जास्त वाढवतो, आणि टोकं जुळवताना दीड अंशाची फट राहते.

सगळ्यात जास्त घात करतं ते मध्य चुकणं. वर्तुळाचा मध्य आणि फिरण्याचा अक्ष यांत २ मिमीचा फरक पडला, तर २२९ मिमी त्रिज्येवर अर्ध्या अंशाची चूक होते. सगळी सवलत इथेच संपली! ही चूक एका बाजूला अधिक, समोरच्या बाजूला उणे आणि मध्ये शून्य असते, त्यामुळे एका ताऱ्यावर सगळं जुळतं आणि दुसऱ्यावर बिघडतं, आणि माणूस अ‍ॅपला दोष देत बसतो. उपाय सुतारी आहे. पिव्हट बोल्ट काढा, त्याच्या भोकात घट्ट बसणारी लाकडी खुंटी ठोका, तिच्या नेमक्या मध्यावर छोटा खिळा मारा. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळ्याचं भोक, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि वर्तुळाच्या आतल्या काठाएवढी त्रिज्या घेऊन तळफळीवर रेघ ओढा. स्टिकर त्या रेघेला लावून चिकटवा. खुद्द बोल्ट भोकात १ मिमी हलत असेल तर तिथेही पाव अंश जातो. भोकात पितळी बुश (घट्ट बसणारी छोटी नळी) घाला, नाहीतर बोल्टला टेपचे दोन वेढे द्या. एवढं करूनही शंका असेल तर वर्तुळावरचा आकडा दाखवणारे दोन काटे समोरासमोर लावा आणि दोन वाचनांची सरासरी घ्या. मध्याची चूक तिच्यात आपोआप उडते.

वर्तुळ स्थिर तळफळीवर असावं की फिरत्या रॉकर बॉक्सवर, म्हणजे नळी पेलणाऱ्या खोक्यावर? माझं मत पहिल्याच्या बाजूने. काटा रॉकर बॉक्सवर असला की तो दुर्बिणीबरोबर फिरतो आणि नेहमी तुमच्या पायाशी, त्याच जागी सापडतो. काटा तळफळीवर असला तर अंधारात वाकून त्याला शोधत फिरावं लागतं. मात्र आकड्यांची दिशा त्यावर ठरते. वर्तुळ स्थिर असेल तर वरून पाहताना आकडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतात, पूर्वेला ९०. वर्तुळ फिरतं आणि काटा स्थिर असेल तर उलट दिशेने. छापून झाल्यावर हे लक्षात येणं फार महागात पडतं.

काट्यासाठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी घ्या आणि तिच्यावर कोरलेली रेघ खालच्या बाजूला, वर्तुळाच्या शक्य तितकी जवळ येऊ द्या. रेघ ३ मिमी वर तरंगत असेल आणि तुम्ही ३० अंश कलून पाहिलंत, तर वाचन १.७ मिमीने सरकतं, म्हणजे ०.४ अंश. काटा कायमचा ठोकून टाकू नका. तो डावीउजवीकडे किमान ५ अंश सरकवता आला पाहिजे, कारण रोज रात्री तुम्ही आकाशाला वर्तुळ नव्हे, काटा जुळवणार आहात. लोखंडी पट्टीवर चुंबकाने धरलेला काटा याला उत्तम. प्रकाशासाठी मंद लाल एलईडी पुरतो.

उन्नतांशाला वर्तुळ करण्यात अर्थ नाही. नळी ज्यावर वरखाली फिरते ते बाजूचं बेअरिंग साधारण १३ सेमी व्यासाचं असतं, त्यावर एका अंशाला जेमतेम १.१ मिमी येतात. त्याऐवजी सुतार वापरतात तो चुंबकी बुडाचा डिजिटल अँगल गेज नळीच्या लांबीला समांतर लावा. त्याची चूक ०.१ ते ०.२ अंश असते. नळी अ‍ॅल्युमिनियमची किंवा पुठ्ठ्याची असेल तर चुंबक धरणार नाही. लोखंडी पत्र्याचा १० सेमीचा तुकडा चिकटवून घ्या, आणि तो गोल नळीवर एका अंगाला कलंडलेला नको. गेजचा पडदा डोळे दिपवतो, त्यावर लाल सेलोफेनचे दोन थर. गेज तंतोतंत आरशाच्या अक्षाला समांतर बसवण्याच्या मागे लागू नका. फरक किती आहे ते ताऱ्यावर मोजायचं आणि प्रत्येक वाचनात तेवढं मिळवायचं किंवा वजा करायचं.

राहिली पातळी, जिच्याकडे सगळे काणाडोळा करतात. तळ १ अंश कलला असेल तर उन्नतांशात १ अंशापर्यंत चूक येते आणि दिगंशातली चूक उंचीबरोबर वाढत जाते. पाणसळ रॉकर बॉक्सच्या तळाशी ठेवून बुडबुडा मध्ये आणला म्हणजे झालं असं नाही, कारण तो तळ स्वतःच वाकडा असू शकतो. खरी कसोटी वेगळी: बॉक्स पूर्ण फिरवला तरी बुडबुडा हलता कामा नये, मग तो मध्यापासून एका बाजूला असला तरी हरकत नाही. अँगल गेजच त्या तळाशी ठेवला तर काम आणखी सोपं. एका दिशेला वाचन घ्या, बॉक्स १८० अंश फिरवून दुसरं घ्या. दोघांमधल्या फरकाचा निम्मा म्हणजे अक्षाचा कल. मग हेच ९० अंश वळून. तीन पायांना १० मिमी जाडीचे (एम१०) बोल्ट आणि लाकडात बसणारे टी-नट लावले असतील तर एका फेऱ्याला १.५ मिमी उचल मिळते. पाय मध्यापासून २०० मिमीवर असले तर तो फेरा जवळपास ०.३ अंशाचा, म्हणजे तृतीयांश फेऱ्याला ०.१. कल ०.१ च्या आत आला की थांबा. मातीवर मांडत असाल तर प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा हवा, नाहीतर तासाभरात एक पाय रुततो.

जुळवणीसाठी ३० ते ५० अंश उंचीवरचा ठळक तारा घ्या. उत्तर गोलार्धात अनेकांना ध्रुव सोयीचा वाटतो. तो चालेल, पण त्याचा दिगंश शून्य धरू नका; तो ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर आहे, म्हणून अ‍ॅपमधलाच आकडा घ्या. फार उंचावरचा तारा टाळा. ७५ अंश उंचीवर आयपीसमध्ये पाव अंशाने मध्य चुकला तर दिगंशात तो जवळपास १ अंश होतो. १० मिमीचा आयपीस लावून तारा मधोमध आणा, काटा दिगंशावर सरकवा, गेजचा फरक लिहून ठेवा. मग ९० अंश बाजूच्या दुसऱ्या ताऱ्यावर तपासा. उन्नतांशातला फरक दिशेनुसार बदलत असेल तर तळ कललेला आहे. उन्नतांश ठीक पण दिगंश गोल फिरताना अधिकउणा होत असेल तर वर्तुळाचा मध्य चुकलाय. एकाच दिशेला वर जाताना दिगंशाची चूक वाढत असेल तर रॉकर बॉक्सच्या दोन बाजू कमीजास्त उंचीच्या आहेत, किंवा नळी आडव्या अक्षाला काटकोनात नाही. शेवटचा दोष दुरुस्त करायला बेअरिंगखाली पातळ पत्रा घालावा लागतो, आणि बहुतेकांनी तो सोडून दिला तरी चालतं.

कारण सगळ्यांवर एकच औषध आहे: दर वेळी वस्तूजवळचा तारा घ्या. आकाशभर अर्धा अंश सांभाळणं कठीण, पण १०-१५ अंशांच्या टप्प्यात या सगळ्या चुका जवळपास सारख्याच असतात आणि काटा सरकवला की एकदम वजा होतात. एम १०४, म्हणजे सोम्ब्रेरो दीर्घिका, घ्या. तेजाने साधारण आठव्या प्रतीची, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, आजूबाजूला खुणेचा ठळक तारा नाही, आणि उजळ आकाशात फाइंडरने (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीने) तारे मोजत जाणं जिकिरीचं. चित्रा तिच्यापासून ११ अंशांवर आहे. चित्रा मध्ये आणा, काटा आणि गेजचा फरक तिथे नव्याने जुळवा, मग एम १०४ चे त्या क्षणाचे आकडे घ्या. आधी उन्नतांश बसवा, कारण गेज वर्तुळापेक्षा अचूक आहे. तो तसाच धरून दिगंशावर जा आणि काही दिसलं नाही तर हलकेच १ अंश डावीकडे, १ अंश उजवीकडे फिरवा. इथे नळी स्वतःहून झुकत असेल तर सगळं वाया. जड आयपीस लावताच गेजचा आकडा बदलतो का ते पाहा आणि बदलत असेल तर मागच्या टोकाला वजन लावा.

पहिल्याच रात्री एम १०४ च्या मागे लागू नका. ज्येष्ठा वर आलेली असेल तेव्हा तिच्यावर जुळवा आणि एम ४ कडे जा. हा गोलाकार तारकागुच्छ तिच्या पश्चिमेला फक्त १.३ अंशावर आहे. तिथे वर्तुळाची गरजच नाही, पण आकड्याने गेल्यावर तो मध्यापासून कुठल्या बाजूला आणि किती सरकून दिसतो, ते वहीत लिहा. दिशेचा गोंधळ, उलटे छापलेले आकडे, गेजच्या फरकाचं अधिक-उणे, या तिन्ही चुका एवढ्या छोट्या उडीतही उघड्या पडतात.