आधी देवाला, मग आपल्याला

काल रात्री झोपायच्या आधी सहज प्राचीन ग्रीक लोकांच्या, देवाला वाइन ओतायच्या वाट्यांचे फोटो बघत बसले आणि तासभर कसा गेला कळलंच नाही. फियाली म्हणतात त्या वाटीला, उथळ, बिनकानाची, आणि बरोबर मध्ये एक फुगवटा असतो, मला वाटलं नुसतं डिझाइन असेल पण नाही, तो खालून पोकळ असतो, त्यात बोटं घालायची, अंगठा काठावर ठेवायचा आणि मनगट हलकंसं वाकवलं की वाइनची धार वेदीवर. कसलं डोकं लावलंय ना!

देवाला ओतायचं त्याला स्पोंडी, यात थोडं ओतून उरलेलं आपण प्यायचं. मेलेल्यांसाठीचं वेगळं, ते खोई, ते बहुतेक सगळंच्या सगळं जमिनीत. ओडिसी या ग्रीक महाकाव्यात तर क्रमच दिलाय, आधी दूध-मध, मग वाइन, मग पाणी, वरून सातूचं पीठ.

तह करतानाही वाइन ओतायचे म्हणून तहाचं नावच पडलं स्पोंडाय. इ.स.पू. 421 मध्ये अथेन्स आणि स्पार्टाने 50 वर्षांसाठी असा तह केला, आणि तो काही वर्षांतच मोडला, वाइन फुकट गेली म्हणायची :)

रोमन लोक अजून पुढचे, थडग्यात चक्क पाइप बसवायचे. वेल्समध्ये कार्लियनला शिशाचा असा एक पाइप सापडलाय, खाली मेलेल्याच्या राखेचा डबा आणि वर जमिनीपर्यंत आलेली नळी, म्हणजे घरचे येणार, वरून ओतणार आणि ते थेट त्याच्यापर्यंत पोचणार. त्या फोटोवरून पुढे जाववेना.