मुंबई ते न्यूअर्क किती तास? तुम्ही विचारलंत म्हणून

लेक अमेरिकेत न्यू जर्सीत एडिसनला असते, तिथला जवळचा मोठा विमानतळ न्यूअर्कचा, त्यामुळे सोसायटीत कुणाचाही व्हिसा आला की पहिला फोन मला, "काकू, किती तास लागतात हो तिकडे?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण एका आकड्यात नाही बसायचं ते.

अंतर म्हणाल तर साधारण १२,५०० किलोमीटर. भिंतीवरचा नकाशा बघून वाटतं की विमान सरळ अरबस्तान, सहारा, अटलांटिक असं जात असणार. नातवाच्या पृथ्वीच्या गोलावर एकदा दोरा ताणून बघितला तर तो चक्क रशियावरून, नॉर्वेवरून, आइसलंडवरून गेला! पृथ्वी गोल आहे हे शाळेत पाठ केलेलं, पटलं साठीनंतर. आता विमान काही त्या दोऱ्यावरून जात नाही म्हणा, कुठे युद्ध चालू, कुठे हवाई हद्द बंद, मग वळसा घ्या आणि बसा अजून तासभर.

डायरेक्ट फ्लाइटला जाताना १६ तासांच्या आसपास, येताना १४. अंतर तेच, फरक वाऱ्याचा. वर १०-१२ किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, हिवाळ्यात तर फारच. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. समोरच्या स्क्रीनवर स्पीड दिसतो, जाताना आठशेच्या आगेमागे रेंगाळत होता आणि येताना हजाराच्या वर, मी ह्यांना उठवून दाखवला.

घड्याळाची तर वेगळीच गंमत. डिसेंबरात रात्री २ ला मुंबई सोडली आणि न्यूअर्कला उतरलो सकाळी साडेसातला, तारीख तीच! म्हणजे घड्याळ म्हणतंय साडेपाच तास झाले आणि पाय एवढे सुजलेले की बूट चढेनात, मी सरळ चपला घालून इमिग्रेशनच्या लायनीत उभी. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात म्हणून साडेनऊ. येताना उलटं, दुपारी १२ ला निघालो ते दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत.

पण खरा हिशोब घरापासून घरापर्यंतचा धरा. आम्ही पुण्याहून आदल्या संध्याकाळी ६ लाच निघालेलो, एक्सप्रेसवेचा काय भरवसा, शिवाय एअरपोर्टवर तीन तास आधी. तिकडे लायनीत दीड तास, मग बॅगा, मग लेकीची गाडी. सगळे मिळून २७ तास झाले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती म्हणून निभावलं, त्याही उतरायच्या आधीच संपवल्या.

ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काही बदललं नव्हतं. लेकीने सकाळी साडेदहाला चहा-पोहे पुढे ठेवले तर घड्याळ बघून म्हणतात, "अगं रात्रीचे नऊ वाजले, भात नाही का लावलास?"