माळकरी आणि खिचडीपुरते

‘स्टार ट्रेक’ आवडतं असं आमच्याकडं कुणाला सांगितलं की समोरून दोनपैकी एक प्रश्न येतो. माहीत नसणारा विचारतो, “ते लांब कानवाल्याचं का?” माहीत असणारा विचारतो, “कोणतं?” पहिल्याला ‘हो’ म्हटलं की विषय मिटतो. दुसऱ्यात तोंडी परीक्षा असते. कारण ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झालेलं, अंतराळातल्या जहाजाच्या सफरींचं हे प्रकरण अजून संपलेलं नाही. पहिली मालिका ७९ भागांत गुंडाळली. मग १९८७ पासून २००५ पर्यंत चार मालिका एकमेकींच्या पायात पाय घालत आल्या. या पाचांचेच सातशेच्या वर भाग होतात. सिनेमे, कार्टून आणि २०१७ नंतरची नवी खेप वेगळीच. एवढा पसारा म्हटल्यावर ‘आवडतं’ म्हणजे किती, हे विचारावंच लागतं.

पैठणहून नाथांची पालखी निघते, तेव्हा तिच्यात शेवटपर्यंत पायी चालणारे असतात, एसटीनं थेट पंढरपूर गाठणारे असतात, वेशीपर्यंत टाळ वाजवून घरी येणारे असतात, आणि आषाढीला साबुदाण्याच्या खिचडीपुरते विठ्ठलाचे होणारेही असतात. ट्रेकचंही तसंच. फरक एवढाच की वारीत खिचडीवाल्याला कुणी हिणवत नाही. इथं हिणवतात.

आमच्या घरातले माळकरी म्हणजे दाजी. परभणीत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतात. त्यांच्याकडं एक दोनशे पानी वही आहे, खाकी कव्हर घातलेली. दर भागाला एक ओळ: भागाचं नाव, कधी दाखवला ती तारीख आणि स्टारडेट. स्टारडेट म्हणजे कॅप्टन आपली नोंद सुरू करताना जो आकडा सांगतो तो. जुन्या मालिकेत हे आकडे १३१२.४ अशा थाटाचे. ते लेखकांनी बरेचसे मनाला येतील तसे टाकलेले, त्यामुळं दाखवल्याच्या क्रमानं मांडले तर मागं-पुढं उड्या मारतात. १९८७ नंतर ते पाच आकडी झाले आणि जरा शिस्तीला लागले. जिथं क्रम जुळत नाही तिथं दाजींनी लाल पेनानं चौकट केलीय आणि समासात बारीक अक्षरात खुलासा लिहिलाय. एका ओळीपुढं खुलासा सुचलेला दिसत नाही. तिथं नुसतं ‘कसं?’ एवढंच आहे. ती वही चाळताना मला ट्रेकपेक्षा दाजीच जास्त आवडायला लागतात.

त्यांना वेड्यात काढणं सोपं आहे. पण तास संपायला वेळ असला की हेच दाजी पोरांना वॉर्प, म्हणजे ट्रेकमधल्या यानांचा प्रकाशाहून जास्त वेग, समजावून सांगतात. यान नुसतं पळत नाही, यानाभोवतीचं अवकाश वाकवलं जातं. एखादं पोरगं म्हणतंच, “सर, अवकाश कुठं वाकत असतंय का?” मग दाजी खिडकीतून हिंगोलीच्या दिशेनं बोट करतात. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्रानं २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठलेला तरंग, येऊन गेली की या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, तो टिपायचा. औंढ्याला आपण आजवर ज्योतिर्लिंगाच्या दर्शनालाच जात आलो.

मी स्वतः मधल्या पायरीवरचा. माझं ट्रेक दूरदर्शननं सुरू केलं आणि भारनियमनानं ठरवलं. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी ते लागायचं. गल्लीत टीव्ही एकाच्या घरी, एक जण गच्चीवर अँटेना फिरवायला, बाकी सगळे खाली सतरंजीवर. इंग्रजी काही कळत नव्हतं. तो लांब कानवाला स्पॉक भुवई वर करायचा तेवढं कळायचं, आणि खरं सांगायचं तर गोष्ट समजायला ते पुरायचं. पुढं केबल आली आणि १९८७ ची, कॅप्टन पिकार्डची मालिका बघायला मिळाली, पण लाईट जायच्या वेळा आणि ट्रेकच्या वेळा यांचं काहीतरी साटंलोटं असावं. एका भागात बोर्ग नावाची यंत्रमाणसं पिकार्डला पळवून नेतात, स्वतःसारखं करतात, आणि त्याचाच सहकारी त्याच्यावर मारा करायचा हुकूम देतो. तिथंच ‘क्रमशः’. अमेरिकेत हा भाग जून १९९० मध्ये लागला आणि उत्तरार्ध सप्टेंबरात. एवढा उन्हाळा तिथल्या लोकांनी कसा काढला याच्या कहाण्या दाजी सांगतात. आमच्याकडं उत्तरार्धाच्या वेळी लाईट गेली. पिकार्ड सुटला हे मला कैक वर्षांनी एका लग्नात कळलं, पंगतीत दाजी शेजारी बसले होते म्हणून. “पाहुणे, एवढंही बघितलं नाही तुम्ही?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडं जे बघितलं, ते वाढप्यालाही जाणवलं असावं, त्यानं मला वरण जरा जास्तच वाढलं.

माझं म्हणणं असं की मराठवाड्यातल्या आमच्या वयाच्या माणसाचं ट्रेकप्रेम त्याला किती भाग पाठ आहेत यावरून मोजू नये. तो विजेच्या कोणत्या फीडरवर होता ते आधी विचारावं. दाजींचं घर तेव्हा सरकारी दवाखान्याच्या फीडरवर होतं. हे त्यांच्या वहीत कुठंही लिहिलेलं नाही.

आता बायको. तिच्या लेखी ती ‘कानवाल्याची सिरियल’. स्वयंपाकघरातून जाता-येता जेवढं दिसेल तेवढंच बघणार, तेही उभ्या उभ्या. एकदा पडद्यावर जहाजाची लांबलचक, चकचकीत बोळ दिसली तशी तिनं विचारलं, “एवढं मोठं जहाज, झाडतं कोण?” मी दाजींना फोन लावला. दाजींनी बराच वेळ घेतला, मग म्हणाले, “यंत्रं असतील.” असतील! शेकडो भाग वहीत उतरवलेल्या माणसाला हा प्रश्न पडला नव्हता. पुढं २०२० मध्ये ‘लोअर डेक्स’ नावाची कार्टून मालिका आली. सेरिटोस नावाच्या एका दुय्यम जहाजावरच्या तळमजल्यातल्या, कनिष्ठ पोरापोरींची गोष्ट. वरचे साहेब नवे ग्रह शोधतात आणि ही पोरं मागचं निस्तरतात. पाच पर्वं चालली. बायकोला सांगितलं तर म्हणाली, “मग? मी कधीची विचारायलेय.”

नांदेडला वजिराबादेत माझा एक सरदार मित्र आहे. तो ट्रेकचा नाही, ट्रेकमधल्या एकाच माणसाचा आहे. त्या माणसाचं नाव खान नूनियन सिंग. १९६७ च्या एका भागात हा खलनायक पहिल्यांदा येतो. त्याला बघून जहाजावरची एक बाई अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. काम करणारा नट रिकार्डो माँटलबान, मूळचा मेक्सिकोचा. मित्र म्हणतो, “नाव खान, आडनाव सिंग, दाढी नाही, पगडी नाही. आमच्या गुरुद्वाऱ्यात याला लंगरला बसवतील, पण ओळख विचारल्याशिवाय राहणार नाहीत.” १९८२ चा सिनेमा, ज्यात हाच खान सूड घ्यायला परत येतो, तो त्याला तोंडपाठ आहे. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं काही ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायचीही इच्छा नाही. दाजी याला चाहता मानायला तयार नाहीत. मी मानतो. एका अभंगावर जन्म काढणारी माणसंही आपण बघतोच की.

आत्याला आपण या यादीत आहोत याचाच पत्ता नाही. फॅमिली ग्रुपवर कुणी अचाट काही फॉरवर्ड केलं की ती कपाळाला हात लावलेल्या टकल्या माणसाचं चित्र टाकते. तो कॅप्टन पिकार्ड आहे हे दाजींनी तिला दोनदा समजावलं. “कुणी का असंना, हात बरोबर लावलाय,” असं तिचं उत्तर आलं. हिलाच पर्सिस खंबाटा आठवते. १९६५ ची मिस इंडिया, मुंबईची. १९७९ च्या पहिल्या ट्रेक सिनेमासाठी तिनं डोक्यावरचे सगळे केस उतरवले होते. आत्याला सिनेमा माहीत नाही, केस माहीत आहेत. “कसले केस होते गं तिचे,” असं ती अजून हळहळते.

वरच्या पायरीवरच्यांनी नुसत्या वह्या भरल्या असंही नाही. दुसऱ्या पर्वानंतर मालिका बंद पडणार अशी हवा झाली, तेव्हा चाहत्यांनी एनबीसीला पत्रांनी हैराण केलं आणि तिसरं पर्व पदरात पाडून घेतलं. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलला एंटरप्राइझ हे नाव मिळालं, तेही अशाच पत्रांच्या माऱ्यामुळं. दाजी हे अशा अभिमानानं सांगतात की त्यातलं एखादं पत्र परभणीच्या पोस्टातून गेलं असावं. ते शटल फक्त चाचण्यांसाठी होतं, अवकाशात कधी गेलंच नाही, हे त्यांना माहीत आहे. वहीत लिहिलेलंही आहे. फक्त बोलताना तिथपर्यंत येत नाहीत.

आता भाचीनं मनावर घेतलंय. पुण्याला नोकरी करते. २००९ चा सिनेमा बघितला, तेवढाच तिचा स्पॉक. तिनं बापाला विचारायच्या आधी मला विचारलं, “मामा, कुठून सुरू करू?” दाजींना हे कळलं आणि त्यांनी फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरून क्रम लिहून पाठवला, कोणते भाग गाळले तरी चालतील आणि कोणते गाळले तर घरी यायचं नाही, यासकट. परवा मी फोन केला तर बसमध्ये होती.

“काय करायलीस?”

“बाबांची यादी बघायलेय, मामा. तिसऱ्या पर्वाला आले.”

“एवढ्यात?”

“दीडपट स्पीडवर लावते की. नाहीतर कधी व्हायचं?”

दाजींना अजून सांगितलेलं नाही.