तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या भावानं असं का केलं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली मी हसून विषय बदलते. प्रश्न दरवेळी तोच, "तू तर सायकॉलॉजी शिकवतेस, तुला कळलं असेलच की भावानं असं का केलं." म्हणजे डॉक्टरच्या घरात कोणी आजारीच पडू नये तसं! घडलं काय ते तुम्हाला माहीत आहे, ऑफिसचे पैसे, अपहार, शिक्षा, परत उगाळत नाही.

विचारणाऱ्यांना बहुतेक एवढंच ऐकायचं असतं की तो मुळातच तसा होता, म्हणजे आपण सुटलो. एका नातेवाईकांनी तर फोटो बघून "डोळ्यांतच दिसत होतं" असं सांगितलं. लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरानं १८७६ मध्ये हेच केलं होतं, कवटी आणि जबडा बघून जन्मजात गुन्हेगार ओळखायचा. ते कधीच मोडीत निघालं, पण घराघरात अजून चालूच आहे.

"सायकोपाथ आहे का गं?" हेही विचारून झालंय, म्हणजे दुसऱ्याबद्दल काही न वाटणारा, पश्चात्ताप न होणारा माणूस. त्यासाठी रॉबर्ट हेअर या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाची एक चेकलिस्ट असते, २० मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते दोन मार्क, एकूण ४०, आणि साधारण ३० च्या पुढे तो शिक्का बसतो. ट्रेनिंग घेतलेल्या माणसानं मुलाखत घेऊन, कागदपत्रं बघून ती भरायची असते, घरच्यांनी तर नाहीच नाही, हे मी दरवर्षी वर्गात बजावते. आणि निकालाच्या रात्री मी अंथरुणात पडून भावाला मनातल्या मनात मार्क देत होते. सात-आठच्या पुढे जाईना. बरं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. ३५ आले असते तर सगळं सोपं झालं असतं.

मग पहिलं वर्षभर मी सगळ्यांना बालपण सांगत सुटले. तो दोन वर्षांचा असताना आई कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये होती. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९४४ मध्ये चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास मांडला, त्यातली १४ मुलं कोणाबद्दल काही वाटत नसल्यासारखी होती आणि त्या १४ पैकी १२ जण लहानपणी बराच काळ आईपासून दूर राहिलेले. ऐकणारे हळहळायचे, मलाही बरं वाटायचं. फक्त त्याच घरात, आईविना, पाच वर्षांची मीपण होते हे मी सोयीनं गाळायचे. आणि भावाला कोणाबद्दल काही वाटत नाही असं तर कोणीच म्हणणार नाही, आईचं औषध कधी संपतं ते माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ असायचं. बोल्बीचा काही दोष नाही, मीच त्याला वकील म्हणून उभा केला होता.

आता खरं सांगायचं ते. तिसऱ्या भेटीत मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी घेतले नव्हते गं, फिरवत होतो. पुढच्या महिन्यात भरणारच होतो." आणि मला, सांगायलाही लाज वाटते, आतून आनंद झाला. कारण डोनाल्ड क्रेसी या गुन्हेशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या तुरुंगांत अफरातफर केलेल्या माणसांशी बोलून १९५३ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं : कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हात पोचेल अशी जागा, आणि "हे उसनेच आहेत" अशी स्वतःची काढलेली समजूत. तिन्ही गोष्टी समोर बसलेल्या. मी मान डोलवत होते, विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिलं की डोलवते तशी. तो थांबला. म्हणाला, "पेपर तपासतेयस का माझा?"

मी काहीतरी सारवासारव केली. मग तो खाली बघून म्हणाला, "तुला फोन केला होता मी. पहिल्यांदा हात घालायच्या आदल्या दिवशी. तू म्हणालीस पेपर तपासतेय, रविवारी बोलू."

मला तो फोन आठवत नाही. खरंच नाही. पण त्या दिवसांत मी हे वाक्य सगळ्यांनाच म्हणते हे मात्र खरं आहे.

इतकी वर्षं मी फळ्यावर "सांगता न येणारी अडचण" असं लिहीत आले, जणू ती अडचण त्या माणसाच्या पोटातच उगवते. तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडते. तीपण ऐकत नाही. ती म्हणते, एका फोनवर नीट बोललं नाही म्हणून कोणी पैसे उचलत नाही, आणि त्यानंतर त्यानं दोन वर्षं पैसे उचलले, तेव्हा कितीदा फोन केला? शिवाय साइक्स आणि मात्झा या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये गुन्हा करणाऱ्यांच्या सबबींचे पाच प्रकार सांगितले, त्यात पहिलाच जबाबदारी झटकण्याचा. म्हणजे हा फोनपण सबबच असेल? असेल. किंवा मीच आता सबबींची यादी काढून माझी जबाबदारी झटकतेय. दोन्ही पटतं, दिवसावर अवलंबून.

त्यामुळे पुढच्या वेळी कोणी विचारलं तर हेच वाचायला देणार आहे.

मध्ये एकदा मोबाईल कंपनीला विचारलं होतं, तेवढ्या जुन्या कॉलची यादी मिळेल का. ते म्हणाले, लेखी अर्ज करा, बघतो. फॉर्म घरी आणून ठेवलाय.