गिझर: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?
साताऱ्यात थंडीनं जोर धरला आणि आज नेमका आमच्या जुन्या गिझरनं संप पुकारला.

मिस्त्रीदादांनी कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर क्षारांचा पांढरा जाड थर. बोअरच्या पाण्याची कृपा! थर साचला की कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, ती आतल्या आत तापून जळते. सोबत एक मॅग्नेशियमची कांडी असते, टाकीऐवजी स्वतः झिजणारी. आमच्या कांडीची नुसती तार उरली होती.

मी तर नवा फाइव्ह स्टार घ्यायचा ठरवूनच बसले होते. ते म्हणाले, "ताई, टाकी गळत असती तर मीच म्हटलं असतं, भंगारात द्या. बाकी सगळं बदलता येतं."

मग हिशेब मांडला. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागणारच, गिझर नवा असो की जुना. जास्तीचे स्टार वाचवतात ती तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून असताना वाया जाणारी उष्णता. आम्ही आंघोळीपुरता लावतो आणि बंद करतो. मग एवढे पैसे कशाला?

सासूबाईंचं म्हणणं, माळ्यावरचा तांब्याचा बंब काढा. लाकडं कोण फोडणार, ते नाही सांगितलं.

शेवटी कॉइल, कांडी बदलली. सेफ्टी व्हॉल्व्हही नवाच बसवला, तिथं काटकसर नको. सोलरचं बघू, आधी गच्चीची गळती काढायचीय.